हमालाशी राहिलेली लढत

सुट्टीच्या दिवशी बॉक्सिंग क्लब बंद असायचा, म्हणजे पोरांसाठी बंद. कापूसताईला कुठली आलीय सुट्टी! आठवडाभराचे घामट टॉवेल त्याच दिवशी धुवायचे, रिंगच्या कापडावरचे डाग त्याच दिवशी घासायचे, आणि दोरांवरची पट्टी कुठे सुटली असेल तर तीही तिनेच गुंडाळायची. तिला एक खरं नाव होतं, पण ते आता लाइटबिलापुरतं उरलं होतं. लढतीत कुणाची भुवई फुटली की दोन राउंडांच्या मधल्या मिनिटभरात रक्त थांबवायचं, हे तिचं काम. कानावर कापूस गुंडाळलेली काडी खोचलेली, हातात बर्फात गार केलेली लोखंडी चकती, आणि नाकाच्या शेंड्यावर राग. म्हणून कापूस, आणि त्या रागाला घाबरून पुढे ताई.

त्या दुपारी ती टॉवेल वाळत घालत होती आणि तिचे वडील रिंगच्या निळ्या कोपऱ्यापाशी व्हीलचेअरमध्ये बसले होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. एके काळचे चॅम्पियन, नंतर इथेच पोरांना शिकवत म्हातारे झाले, आणि मागच्या वर्षी अर्धांगवायूचा झटका येऊन उजवं अंग गेलं. बोलणं जड झालं, पण डोकं शाबूत आणि डोळे पूर्वीपेक्षा खट्याळ. डॉक्टरांनी बजावलं होतं की हृदय थकलंय, कसलाही ताण नको. मास्तरांनी डाव्या हाताने डॉक्टरांना टाटा केला होता.

तिसरे घड्याळकाका. बाजारात घड्याळं दुरुस्त करायची आणि क्लबात लढतीची घंटा वाजवायची, यात त्यांचा जन्म गेला. मास्तरांचे लंगोटीयार, आणि तरी पक्के हमालवाले. हे दुखणं जुनं होतं.

हमाल म्हणजे मास्तरांच्या आधीचा चॅम्पियन. मालधक्क्यावर पोती वाहायचा, पाठीवर दोन दोन, आणि संध्याकाळी त्याच अंगाने रिंगमध्ये उतरायचा. त्याला कुणी कधी गुडघ्यावरसुद्धा आणलं नव्हतं. मास्तर तेव्हा कोवळे, चपळ आणि तोंडाळ. दोघांची लढत ठरली, भिंतींवर पोस्टरं लागली, आणि लढतीच्याच आठवड्यात मालधक्क्यावरची थप्पी कोसळून हमाल पोत्यांखाली गेला. किताब रिकामा झाला. मास्तरांनी दुसऱ्या कुणाला तरी हरवून तो घेतला, पुढे कितीतरी वर्षं राखलाही. पण लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? ‘हमाल असता तर’ हे शब्द मास्तरांच्या मागे लागले ते लागलेच. केस कापायला गेले तरी तेच, लेकीच्या शाळेत गेले तरी तेच. एका मेलेल्या माणसाने आपल्या बापाची सगळी कमाई खिशात घालून ठेवलीय, असं कापूसताईला लहानपणापासून वाटायचं, आणि तिचा नुसता जळफळाट व्हायचा.

त्या आठवड्यात हे पुन्हा वर आलं. एका क्रीडा साप्ताहिकाने जाणकारांना विचारलं होतं, हे दोघे समोरासमोर आले असते तर कोण जिंकलं असतं? जाणकार म्हणाले, हमाल. सगळेच्या सगळे. एका शहाण्याने तर मास्तर तिसऱ्या राउंडला आडवे होतील असंही लिहिलं होतं, घंटा याच्याच हातात असल्यासारखं. मास्तरांनी ते लेकीकडून दोनदा वाचून घेतलं. मग अंक मांडीवर ठेवून त्यांनी रिकाम्या रिंगकडे बोट केलं.

“लाव,” ते म्हणाले. “माझी लाव.”

तोंडी लढत लावायची आहे, हे दोघांनाही लगेच कळलं.

ही या क्लबाची जुनी खोड. गेलेल्या चॅम्पियनांपैकी कोण कुणाला भारी, यावरून पोरं हातघाईवर यायची, म्हणून कुणीतरी कधीतरी हा मार्ग काढला. एकाने लाल कोपऱ्याबाहेर उभं राहायचं, एकाने निळ्या. मध्ये रिकामी रिंग. लालवाला म्हणणार, ‘डावा, तोंडावर.’ निळ्याने त्याच दमात उत्तर द्यायचं, ‘मान काढली, उजवा बरगडीत.’ उत्तर अडखळलं की ठोसा बसला. नियम कडक होते. ज्याच्या वतीने बोलतोय त्याने खऱ्या लढतींत जे केलं तेवढंच बोलायचं, कारण गेलेल्याला आता नवं काही येणार नाही, आणि सगळा अंदाज त्याच भरवशावर. पडलेल्याला दहापर्यंत मोजायचं. खऱ्या रिंगमध्ये मास्तरांनी पोरांना लावलेली शिस्त इथेही पाळायची: हरलेला आपल्या पायांवर उठल्याशिवाय जिंकलेल्याने कोपरा सोडायचा नाही. आणि जिवंत माणसाची तोंडी लढत लावायची नाही. हा नियम सगळ्यात जुना होता आणि त्याचं कारण कुणालाच माहीत नव्हतं.

घड्याळकाकांनी नेमका तोच पुढे केला. मास्तर, तुम्ही अजून आहात, हे बरं दिसत नाही, असं काहीतरी पुटपुटले. कापूसताई उखडलीच. नियम गेला खड्ड्यात, ती म्हणाली, त्या पेपरवाल्यांनी बाबांना मेलेल्यांत धरून निकालसुद्धा लावलाय, तेव्हा कुठे होता तुमचा नियम? आणि नुसतं बोलायचं तर आहे, त्यात कसला आलाय ताण. मास्तर हसले. त्यांचं तोंड आता एकाच बाजूने हसायचं, पण हसलेले कळायचे.

काका लाल कोपऱ्याकडे गेले. ती बापाच्या खुर्चीशेजारी उभी राहिली. काकांनी घंटा दिली.

पहिला राउंड मजेत गेला. काकांनी हमालाच्या सगळ्या लढती पाहिलेल्या, पहिल्या तर लहानपणी मामाच्या खांद्यावर बसून, त्यामुळे ते डोळे मिटून बोलत. हमाल उठला, हमाल पुढे आला, उजवा पोटात. ती म्हणायची, बाबा सरकले, डावा नाकावर, पुन्हा डावा, पळाले. बापाच्या लढती तिला जेवताना घास भरवत ऐकवल्या गेल्या होत्या. एवढंच झालं, की ‘हमाल उठला’ म्हणताना लाल कोपऱ्यातली फळी कुरकुरली. ती फळी तशी कुरकुरायचीच, पण वर कुणी जड माणूस असला तर. दुपारच्या उन्हाने लाकूड बोलतं, असं तिने मनाशी म्हटलं.

दुसऱ्यात वास आला. आधी तिला वाटलं टॉवेल कुबट राहिले. पण तो घामाचा वास नव्हता, कोरडा होता, घशाला खवखवणारा. गोणपाटाचा. क्लबात गोणपाट कुठेच नव्हतं. ती इकडेतिकडे बघेपर्यंत काका म्हणाले, उजवा कपाळावर, आणि तिचं उत्तर अडखळलं.

ठोसा बसला. समोरच्या बाजूचा वरचा दोर थरथरत होता, आणि खिडक्या बंद होत्या.

काकांनी घंटा दिली तशी ती बापाकडे वळली. मास्तरांच्या डाव्या भुवईवर टेंगूळ आलं होतं, बघता बघता वाढणारं. सूज कशाने आली हे कापूसताईला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती, आयुष्यभर तिने दुसरं पाहिलंच काय होतं. हा ग्लव्हजचा मार होता. तिने चकती दाबून धरली आणि विचारलं, बाबा, कुठे आपटलात? मास्तर तिच्या हातावरून रिंगमध्ये बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तिने वर्षभरात न पाहिलेला रंग होता.

“जड आहे पोरगा,” ते म्हणाले.

पोरगा? मग तिच्या ध्यानात आलं. हमाल गेला तेव्हा तिशीचाही नव्हता. बाबा आता त्याच्या आजोबांच्या वयाचे.

थांबवूया, असं ती म्हणाली. मास्तरांनी मान हलवली. काकाही म्हणाले थांबूया, त्यांना बरं वाटत नव्हतं, पण म्हणता म्हणता त्यांचा हात घंटेच्या दोरीकडे गेला आणि घंटा वाजली. वाजवायचं माझ्या मनात नव्हतं, हे त्यांनी नंतर शपथेवर सांगितलं.

तिसऱ्या राउंडला काका इतके भरभर बोलू लागले की तिला श्वास घ्यायला फुरसत मिळेना. डोळे त्यांचे उघडे होते आता, आणि भेदरलेले. ती तोंडाने मान काढत होती, हात वर घेत होती, सरकत होती. मग काका म्हणाले, अर्धं पाऊल डावीकडे आणि डावा कानशिलात.

ती चमकली. अर्धं पाऊल डावीकडे हे बाबांचं होतं. सगळ्या जगात ते फक्त बाबांचं होतं, त्यावरच त्यांनी किताब राखला होता. हमालाने आयुष्यात कधी बाजूला पाऊल टाकलं नव्हतं, तो भिंत होता, सरळ अंगावर यायचा.

“काका, हे त्याचं नाही,” ती ओरडली. “हे त्याने कधी केलेलं नाही.”

“मी नाही म्हणालो.” काकांचा आवाज चिरकला. “माझ्या तोंडून आलं, पण मी नाही म्हणालो.”

तिच्या मागे व्हीलचेअर एका बाजूला कलली आणि परत चाकांवर आदळली. मास्तरांच्या कानामागून रक्ताची बारीक रेघ उतरली. राउंड संपल्याची घंटा झाली.

मेलेला माणूस शिकत होता. पहिल्या दोन राउंडांत त्याने बाबांना बघून घेतलं होतं, आणि आता त्यांचंच त्यांना परत देत होता. कापूसताईला खरीखुरी भीती वाटली. तिने खांद्यावरचा टॉवेल ओढला. टॉवेल रिंगमध्ये पडला की लढत संपते, तोंडी असो की खरी. बाप हरतो, पण बाप घरी येतो.

मास्तरांनी डाव्या हाताने टॉवेलचं दुसरं टोक पकडलं. त्या एका हातात अजून भयंकर ताकद होती. त्यांनी टॉवेल तिच्याकडून हिसकला, मांडीखाली दाबला आणि त्यावर चक्क बसून राहिले.

“बाबा, मराल.”

“मग मरेन की,” मास्तर म्हणाले. एकेक शब्द त्यांना ओढून काढावा लागत होता. “पण आता ‘असता तर’ नको. आज तो आहे.”

तिला रडू आलं आणि रागही आला, आणि राग मोठा होता. त्या पेपरवाल्यांचा, ‘असता तर’ म्हणणाऱ्या गावभरच्या तोंडांचा, आणि या आडदांड मेलेल्या पोराचा, ज्याला म्हाताऱ्या आजारी माणसावर हात टाकायला लाज वाटत नव्हती. तिने बापाच्या कानामागे काडी दाबली, रक्त थांबवलं, चेहऱ्याला व्हॅसलीन लावलं, आणि रिंगकडे तोंड केलं. ये म्हणावं.

घंटा वाजली. काकांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं, मग घंटा कुणी दिली ते कुणी विचारलं नाही.

आता लाल कोपऱ्यातून एक शब्द येत नव्हता. ठोसे मात्र येत होते. पहिला बरगडीत बसला तो तिने बापाच्या तोंडून निघालेल्या हवेवरून ओळखला. कशाला उत्तर द्यायचं तेच कळेना.

मग तिला कापड दिसलं. सकाळीच घासलेलं, ताणलेलं कापड, आणि त्यावर दोन खळगे. ते पुढे येत होते. एक खोल व्हायचा, तेव्हा दुसरा उथळ.

उजवा खळगा खोल झाला. “मान काढली,” ती म्हणाली. बापाचं डोकं जागच्या जागी हललं, आणि त्यांच्या कानाजवळून काहीतरी गेलं. तिच्या केसांना वारा लागला.

डावा खोल झाला. “मागे,” ती म्हणाली. “डावा नाकावर.” खळगे थबकले.

पुन्हा पुढे. ती वाचत होती आणि बोलत होती, आणि खळगे तिच्याआधी पोचायला लागले होते. बाबांचं सगळं त्याला कळून चुकलं होतं. जे जे बाबांनी कधी केलं होतं, ते ते आता त्याच्याकडे होतं.

खळगे अर्धं पाऊल डावीकडे सरकले. उजवा खोल, खोल, कापड फाटेल इतका खोल झाला.

कापूसताईला बापाची सकाळ आठवली. वर्षभराची रोजची सकाळ. पलंगाच्या वर लावलेली दांडी धरायला म्हातारा डावा हात कमरेखालून वर फेकायचा. मेलेलं उजवं अंग त्या एका फेकीने उचलून बसतं करायचा. चार वेळा चुकायचा, शिव्या घालायचा, पाचव्यांदा धरायचा. रिंगमध्ये त्यांनी असला ठोसा कधी मारला नव्हता. मारायची वेळच आली नव्हती.

काकांनी तोंडावरचे हात काढले होते. तिच्या मनातलं त्यांना कळलं असावं. ते म्हणाले, नियम आहे पोरी, जे केलं तेवढंच.

“माझा बाप जिवंत आहे,” ती म्हणाली. “तो अजून शिकतोय.”

आणि मग रिंगकडे बघून, एकेक शब्द सुटा:

“डावा. कमरेखालून. अख्खं अंग उचलून.”

व्हीलचेअर मागे सरकली. तिची पुढची चाकं जमिनीवरून वर आली. मास्तरांचा डावा हात कुठेच गेला नव्हता, मांडीवरच होता, पण मूठ वळलेली होती आणि बोटांची हाडं पांढरी पडली होती.

दोन्ही खळगे एकदम नाहीसे झाले.

मग रिंगच्या मधोमध कापड धाडकन खाली बसलं. चारही दोर हलले. फळ्यांच्या फटींतून धूळ वर आली.

मोजायला कुणी पुढे होईना, म्हणून तिनेच मोजलं. दहापर्यंत, मोठ्याने, न घाई करता. तिचा आवाज एकदाही कापला नाही याचा तिला पुढे नेहमी अभिमान वाटायचा.

कुणी उठलं नाही.

मास्तर रडत होते. अर्धं तोंड हसत होतं, आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी. कळलं, एवढंच ते म्हणाले, पुन्हा पुन्हा, कळलं बघ, कळलं. तिने त्यांचं डोकं पोटाशी धरलं. तिलाही कळलं होतं, आणि तिला वाटलं की आता हे गाव काय वाटेल ते बोलो. घड्याळकाका भिंत धरत धरत आले, मास्तरांच्या डाव्या हाताला हात लावून पाया पडल्यासारखं केलं आणि चप्पल न घालताच बाहेर गेले.

ती खुर्ची वळवायला गेली, तर मास्तरांनी चाक धरून ठेवलं.

रिंगच्या मध्ये कापड अजून बसलेलंच होतं. लांबच्या लांब, माणसाएवढं. मास्तरांनी हनुवटीने तिकडे खूण केली. तो उठला नव्हता. आणि तो उठल्याशिवाय मास्तर कोपरा सोडणार नव्हते. आयुष्यभर पोरांना जे करायला लावलं ते आज स्वतः मोडतील तर ते मास्तर कसले.

ती थांबली. खिडकीतलं ऊन फरशीवरून भिंतीवर चढलं. बापाचे ओठ काळसर पडायला लागले होते, श्वास वरवर चालला होता. घर, गोळ्या, पलंग, डॉक्टर, सगळं तिला एकाच वेळी हवं होतं. तिने खुर्ची जोर लावून ओढून बघितली. चाकावरची मूठ सुटेना.

तेव्हा ती दोर वाकवून आत शिरली.

खळग्याजवळ गुडघ्यांवर बसली. गोणपाटाचा वास इथे दाट होता. या बिचाऱ्याच्या कोपऱ्यात कुणीच नाही, हे तिच्या एकदम मनात आलं. लाल कोपऱ्यात ना स्टूल होतं ना पाण्याची बाटली. मग तिने तेच केलं जे ती प्रत्येक हरलेल्या पोरासाठी करायची. चेहरा जिथे असावा तिथे चकती धरली. लोखंड लगेच कोमट झालं. कानावरची दुसरी, कोरी काडी काढून फिरवली. कापूस पांढराच राहिला, पण ओला झाला.

“झालं, काही नाही, छान लढलास,” ती म्हणाली. हेही ती सगळ्यांनाच म्हणायची. “चल. खांद्यावर हात टाक माझ्या. ऊठ.”

तिचा डावा खांदा खाली गेला. तिने दात आवळले, फळीवर पाय रोवला, आणि उठली. तिच्यामागे कापड हळूहळू सपाट झालं. तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी तिच्या डाव्या बाजूला, तिच्या डोक्याच्याही वर कुठेतरी नजर धरली, मान लववली, आणि चाकावरचा हात सोडला.

बाहेर ऊन कलतं होतं. दुकानं उघडत होती, कुणीतरी फुटपाथवर पाणी मारत होतं. मास्तर खुर्चीत आरामात रेलले होते. ओठांना रंग परत आला होता, आणि ते नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणत होते. वर्षभरात त्यांनी सूर लावला नव्हता. केशकर्तनालयाच्या दारातल्या माणसाने मास्तरांच्या भुवईकडे बघून विचारलं, काय झालं? मास्तर म्हणाले, जिंकलो. तो माणूस समजूतदारपणे हसला. कापूसताईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचं हसू जिरलं.

कोपऱ्यावर रस्ता चढाचा आहे. तिथे ती रोज दोन्ही हातांनी खुर्ची ढकलायची. आज उजव्याने ढकलत होती, डावा हात वर उचललाच जात नव्हता.

“उठला ना?” मास्तरांनी मागे न बघता विचारलं.

उठला, ती म्हणाली. मग मान थोडी डावीकडे वळवून, फक्त तिथवर ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, “हरलायस तू. ध्यानात ठेव.”

खांद्यावरची पकड किंचित आवळली.